केळीच्या ट्रकात बसलेली मुलगी

नाना टीव्हीकडे पाठ करून टीव्ही बघत. आमच्या जळगावच्या गल्लीत तेव्हा दोन-तीनच घरांत टीव्ही होते. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की डाळ मिलवाल्या शेठजींच्या ओसरीवर माणसं दाटीवाटीने बसायची. नाना सेटच्या शेजारी स्टूल टाकून लोकांकडे तोंड करून बसत. कोण कुठे खाकरलं, कुठल्या बाईने कुठे पोराला दटावलं, कोण नेमकं कधी पाणी प्यायला उठलं, एवढंच त्यांना बघायचं असे. सिनेमा संपला की म्हणत, "तिसऱ्या गाण्यापाशी मेला. निम्मी ओसरी हलली." शेठजींच्या आईला वाटे, बिचाऱ्याची नजर अधू असावी. ती त्यांच्यासाठी गाजराची कोशिंबीर काढून ठेवायची आणि नाना ती मुकाट्याने खायचे.

मी त्यांच्याबरोबर जवळजवळ तीन वर्षं काम केलं. काम म्हणजे संवाद लिहिणं. मी शाळेत मराठी शिकवत होते आणि गॅदरिंगची नाटुकली बसवत होते, ते बघून ते एक दिवस शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. भर एप्रिल महिना, डांबर वितळत होतं, आणि अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. "बाई, मला बायकांचं भांडण लिहिता येत नाही. तुम्हाला येत असेल असं वाटतं," म्हणाले. हे कौतुक आहे की टोमणा, ते मला आजतागायत कळलेलं नाही. स्वेटरचं कारण मात्र पुढे कळलं. टीव्हीच्या मुंबई केंद्रात सगळीकडे थंड हवेची यंत्रं असतात, तिथे साहेबांपुढे बसल्यावर दात वाजायला नकोत, म्हणून शरीराला स्वेटरची सवय करून ठेवायची. थंडीत न कुडकुडण्याची सवय जळगावच्या उन्हाळ्यात कशी लागते, हे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही.

त्यांना टीव्हीवर मालिका करायची होती. खानदेशातली, केळीवाल्या एका घराची, तेरा भागांची. त्यासाठी त्यांनी चांगली सरकारी नोकरी सोडली होती, आणि घर त्यांची बायको शिवणकामावर चालवत होती. दर दोन-तीन महिन्यांनी नाना मुंबईला जायचे, केंद्राच्या बाकावर दिवसभर बसायचे आणि परत यायचे. "काय झालं?" विचारलं की उत्तर ठरलेलं, "बाकडं आता मला ओळखतं."

पण त्यांची खरी तऱ्हा वेगळीच होती. नाना कुठलाही प्रसंग आधी लिहीत नसत. आधी तो सांगत. तोही रचलेला म्हणून नव्हे, घडलेला म्हणून. एसटीत, न्हाव्याकडे, केळीचे ट्रक भरतात तिथल्या चहाच्या टपरीवर. "परवा त्या अमक्या गावी काय झालं, ऐकलंत का?" अशी सुरुवात करायची, रंगात यायचं, आणि शेवटाच्या जरा अलीकडे कप खाली ठेवून उठून जायचं. मग वाट बघायची. ती गोष्ट फिरून दुसऱ्याच माणसाच्या तोंडून नानांच्या कानावर आली तर प्रसंग पास. नाही आली तर केरात. "घडलेलं काय, कोणीही सांगतं," ते म्हणत. "न घडलेलं लोकांनी आपणहून पुढे नेलं पाहिजे. टीव्ही म्हणजे दुसरं काय असतं बाई? मोठा ओटा."

गोष्ट चालावी म्हणून तिला काही खऱ्या खुंट्या ठोकाव्या लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. कुणाचं खरं अंगण, कुणाचा खरा बैल, कुणाची बोलायची लकब. मला ही पद्धत सुरुवातीपासून पसंत नव्हती. मी म्हटलंही होतं, "नाना, एक दिवस कोणी तरी चपला घेऊन येईल." ते म्हणाले, "आला तर समजा, गोष्ट फार चांगली झाली."

चपला कोणी आणल्या नाहीत. आली ती जीप, आणि तीही आमच्याच दारात.

झालं असं. मुंबई केंद्राने अखेर मालिकेचा आराखडा पसंत केला. पहिला भाग स्वतः चित्रित करून आणा, तो आवडला तर पुढचं बघू, असं सांगितलं. अशा नमुन्याच्या भागाला ती मंडळी पायलट म्हणतात. खर्च शेठजी करणार होते. नाना आठवडाभर जमिनीवरून चालत नव्हते. पायलटसाठी त्यांनी जो प्रसंग रचला तो मात्र खरंच जबरदस्त होता. लग्न ठरलेली एक मुलगी, संध्याकाळी बागेतून भरून निघालेल्या केळीच्या ट्रकात घडांच्या मध्ये जाऊन बसते आणि निघून जाते. दुसऱ्या दिवशी एसटीने एकटीच परत येते, हातपाय धुते आणि भाकरी थापायला बसते. घरात तिला कोणी एक शब्द विचारत नाही. बस एवढंच. पण नानांनी तो मला सांगितला तेव्हा माझ्या हातातला चहा निवून गेला होता.

तीन आठवड्यांनी शाळेत मधल्या सुट्टीत आमच्या एका बाईंनी मला तो प्रसंग सांगितला. घडलेला म्हणून. फैजपूरकडचं एक गाव, बापाला दोन मुलीच, मोठी जळगावात मास्तरीण, धाकटीचं धुळ्याला ठरलेलं, अंगणात लोखंडी कड्यांचा झोपाळा. सांगता सांगता बाईंचा आवाज हळू होत गेला आणि त्या माझ्याकडे बघायच्या थांबल्या. तो झोपाळा आमच्या गावच्या घरचा होता. त्यावर बसून नानांनी आमच्याकडे दोनदा भरीत-भाकरी खाल्ली होती.

मी शाळेतून तशीच नानांच्या खोलीवर गेले. धडपणे दार न लोटता आत शिरले आणि म्हटलं, "नाना, ती ट्रकची गोष्ट मला आज शाळेत ऐकायला मिळाली."

नानांचा चेहरा उजळला. "परत आली? एवढ्यात? कोणी सांगितली?"

त्या क्षणी त्यांना काही तरी फेकून मारावं असं मला वाटलं, आणि तसं वाटल्याचा मला अजूनही पस्तावा नाही. मी म्हटलं, "माझी बहीण आहे ती. तुम्ही माझ्या बहिणीला ट्रकात बसवलंत."

त्यांनी हळूहळू स्वेटर काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. "खुंट्या जास्त झाल्या," एवढंच म्हणाले.

त्यात आणखी एक गोष्ट आमच्या विरुद्ध गेली. धाकटी त्याच सुमारास एक रात्र खरोखरच घरी नव्हती. दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत तिची मैत्रीण राहायची, तिच्याकडे ती मुक्कामाला गेली होती. गावात कोणी तरी तिला दुसऱ्या दिवशी एसटीतून एकटी उतरताना पाहिलं होतं. झालं. लोकांना आणखी काय लागतं?

रविवारी मी गावी होते. धाकटीही होती. सकाळीच दारात जीप थांबली आणि आबा उतरले. आबा म्हणजे धाकटीचे होणारे सासरे, धुळ्याकडचे मोठे कापूसवाले शेतकरी, बोलायला गोड आणि निर्णयाला कडक. त्यांच्या अहिराणीत 'आहे'चं 'शे' होतं, 'सगळ्या'चं 'बठ्ठा' आणि 'गोष्टी'ची 'गोठ'. आमचे वडील, त्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, पुढे झाले. पाणी दिलं, चहा आला. आबांनी कपाला हात लावला नाही. आमच्याकडे पाव्हण्याने चहाला हात लावला नाही की पुढे काय येणार ते घरातल्या मांजरालासुद्धा कळतं.

"भाऊ, राग नका मानू," आबा म्हणाले. "पोर चांगली शे. पन आमना बठ्ठा भाऊबंद इचारी ऱ्हायनात. मी काय सांगू त्यासले?"

"आबा, पोरगी दीपनगरले गेलती, मैतरणीकडे," भाऊ म्हणाले. "इचारा ना तिले."

"मैतरीण मैतरीणनंच सांगी."

आबा येणार असा निरोप आल्यामुळे मी नानांना आदल्या दिवशीच बोलावून घेतलं होतं. ते ओसरीच्या कोपऱ्यात बसले होते, ते उठून आबांसमोर आले. पहिल्यांदाच मी त्यांना स्वेटरशिवाय, साध्या सदऱ्यात चारचौघांत पाहत होते. ते म्हणाले, "आबा, ही गोष्ट घडलेलीच नाही. मी रचली. टीव्हीसाठी." आणि त्यांनी लिहिलेली पानं पुढे केली.

आबांनी पानं घेतली नाहीत. "तुमी नाटकवाला माणूस. घडेल गोठ रचेल शे म्हनशात, रचेल गोठ घडेल शे म्हनशात. मी कोनतं खरं मानू? आन् लिखेल शे म्हंजे कोठे तरी घडेल व्हई."

भाऊंनी मान खाली घातली. आतल्या खोलीत आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. माझ्या मनात आलं, संपलं. हे लग्न मोडलं आणि पुढे कुठलंच जमायचं नाही, कारण धुळ्याने नाकारलेली मुलगी घरात आणायची हिंमत पंचक्रोशीत कोण करणार?

मग नाना म्हणाले, "आबा, तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आमना एरंडोलना व्याहीनी."

"मग चला एरंडोलला. त्यांना कोणी सांगितलं ते विचारू. मग त्याला कोणी सांगितलं ते. असं मागे मागे जाऊ. शेवटी गोष्ट माझ्यापाशी येते की नाही बघा. नाही आली तर तुम्ही सुटलात आणि मी तुमच्या जोड्यापाशी उभा."

आबा उठले. हिशोबाचा माणूस, त्यांना हे पटलं. तेवढ्यात धाकटी पदर खोचत बाहेर आली आणि म्हणाली, "मी पण येते." भाऊ म्हणाले, "तू काह्याले?" ती म्हणाली, "माझ्यावरून चाललंय ना सगळं?" होणाऱ्या सासऱ्याच्या जीपमध्ये लग्नाआधी बसणं रीतीला धरून नव्हतं, पण रीत सांभाळण्याची वेळ कधीच टळून गेली होती. मी तिच्या शेजारी बसले.

आधी एरंडोल गाठलं. एरंडोलचे व्याही म्हणाले, मुलगी ट्रकमधून थेट इंदूरला पोहोचली होती. त्यांना जळगावच्या कापडवाल्याने सांगितलं होतं. कापडवाल्याच्या गोष्टीत ट्रकचा ड्रायव्हर मुलीचा जुना ओळखीचा निघाला. त्याला एका दलालाने सांगितलं होतं. दलाल शपथेवर म्हणाला की मुलगी दोन दिवसांनी आली. प्रत्येक थांब्यावर आबांचा चेहरा आणखी बंद होत गेला आणि नाना आणखी खाली बसत गेले. गोष्ट जसजशी मागे जात होती तसतशी ती नानांच्या गोष्टीच्या जवळ येत होती खरी, पण त्याने काही सिद्ध होत नव्हतं. आम्ही दोघी मागच्या बाकावर होतो. धाकटीने माझा हात एकदाही धरला नाही, आणि तिचा हात धरायची माझी छाती झाली नाही.

दलालाने नाव सांगितलं ते फैजपूरच्या रस्त्यावरच्या चहावाल्याचं. जिथे ट्रक भरतात तिथली टपरी. नानांच्या अंगात एकदम जीव आला. "तिथेच मी सांगितली होती, आबा. स्वतः. त्याच्या बाकड्यावर बसून. आता बघा."

दुपार कलली होती. टपरीसमोर एक ट्रक घड भरून, वर केळीची पानं टाकून उभा होता. धाकटी जीपमध्येच बसून राहिली. आबा, नाना आणि मी पुढे गेलो. आबांनी चहावाल्याला विचारलं, "ती ट्रकमा बसेल पोरनी गोठ तुमले कोनी सांगी?"

चहावाला साठीचा माणूस, कपाळावर बुक्का लावलेला, बोलायला मोकळा. त्याने आमच्या हातात चहाचे ग्लास देता देता सांगितलं, "सांगन कोन? मी पाह्यली ना ह्या डोयानं."

नाना पुढे झाले. "अहो, काय बोलताय? मी सांगितली ना तुम्हाला. इथेच बसून."

चहावाल्याने नानांकडे अगदी प्रेमाने पाहिलं. "नाना, तुमी कसे सांगसान? तुमालेच तं मी सांगतली व्हती."

तो खोटं बोलत नव्हता. हे मी आज छातीठोक सांगते. त्याने ती गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या इतक्या ड्रायव्हरांना सांगितली होती की सांगता सांगता ती त्याच्या डोळ्यांसमोर घडून गेली होती. नानांना आयुष्यभर असाच ऐकणारा हवा होता, आणि तो त्यांना ह्या दिवशी, ह्या जागी मिळाला. आबांनी ग्लास बाकड्यावर ठेवला, माझ्याकडे पाहिलं, आणि ते जीपकडे वळले.

धाकटी समोर उभी होती. कधी उतरली ते मला कळलं नव्हतं. ती आबांच्या बाजूने पुढे गेली आणि चहावाल्याला म्हणाली, "काका, एक चहा द्या."

त्याने दिला. तिने घोट घेतला. "ती पोरगी तुम्हाला परत दिसली तर ओळखाल?"

"हजारात वयखीन."

"कशी होती?"

"उंच व्हती, गोरीपान. डोये घारे. पायात चांदीचे तोडे. मोठ्या घरची दिसत व्हती." चहावाल्याने धाकटीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि समजुतीच्या आवाजात म्हणाला, "तुमच्यासारखी नाय, ताई. तुमी साध्या. तुमी असं काई करसान नाई."

माझी बहीण सावळी, ठेंगणी, चष्मेवाली. तिने चहा संपवला, ग्लास विसळून ठेवला आणि आबांकडे तोंड करून उभी राहिली. आबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी तिला त्या दिवसाआधी फक्त एकदा पाहिलं होतं, पदर घेतलेली, मान खाली घातलेली. आता ती त्यांच्याकडे सरळ बघत होती. शेवटी नजर आबांनीच काढून घेतली.

"चाल, पोरी, बस," ते म्हणाले. मग चहावाल्याला पैसे देताना पुटपुटले, "आते मले कायबी इचारनं नही."

परतीच्या वाटेवर यावलच्या अलीकडे त्यांनी जीप थांबवली आणि नानांना खाली बोलावलं. काच नव्हतीच, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "नाना, तुमी खोटा नही. लगन व्हई. पन ही गोठ टीव्हीवर येवाले नको. टीव्हीवर उनी की लोके म्हनतीन, दखा, खरंच व्हतं."

पुढच्याच आठवड्यात चित्रीकरण होतं. ट्रक ठरला होता, नाशिकहून कॅमेरावाले निघायचे होते, शेठजींनी जळगावभर सांगून ठेवलं होतं. त्या भागात ट्रकच्या प्रसंगाशिवाय होतं काय? एक सासू, एक सून आणि केळीच्या भावावरून एक वाद, तोही मी लिहिलेला. मला वाटलं नाना मुदत मागतील, नावं बदलतो म्हणतील, झोपाळा काढतो म्हणतील. मी असते तर निदान घासाघीस तरी केली असती.

"नाही येणार," नाना म्हणाले. लगेच. आणि येऊन पुढे बसले.

ट्रकशिवायचा पायलट आम्ही केला. नाना तो घेऊन मुंबईला गेले आणि परत आले. ह्या वेळी बाकड्याचा विनोद केला नाही. साहेबांनी अर्ध्यातच बंद करायला लावून म्हटलं होतं, "चांगलं आहे, पण ह्या घरात काही घडतच नाही." नानांनी त्यावर ट्रकची गोष्ट सांगितली नाही. सांगितली असती तर त्या साहेबाने खुर्ची पुढे ओढली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी त्यांच्यावर तीन महिने चिडलेली होते. त्या दिवशी मात्र मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी चित्रफितीची पेटी कोपऱ्यात ठेवली आणि विचारलं, "धाकटीची तारीख निघाली का?"

लग्न धुळ्याला झालं, थाटात. नाना आले होते, त्यांना आबांनी स्वतः निमंत्रण दिलं होतं. जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. मी वाढत होते. पंगत बसली तसे आबा मानाच्या पाहुण्यांच्या रांगेशी आले आणि नानांच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने म्हणाले, "नाना, ती ट्रकवाली गोठ सांगा ना ह्या पाव्हनासले. आते लगन लागी गयं, आते कसानं भेव?"

सगळी रांग नानांकडे वळली. इतकी माणसं, एवढी उत्सुक तोंडं. नाना म्हणाले, "आबा, मला येत नाही ती."

"असं कसं?" आबा हसले, आणि मग ते स्वतःच सांगू लागले. उभ्याने, हातवारे करत, एरंडोलचं इंदूर घालून, कापडवाल्याचा ड्रायव्हर घालून. आणि कोणी विचारलं, ही तुम्हाला कोणी सांगितली, तर म्हणाले, "बठ्ठा खानदेशले मालूम शे." माणसं घास हातात धरून ऐकत होती. आबांना काय ठाऊक, मुंबईला काय झालं ते? नानांनी ते माझ्याशिवाय कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि मला सांगू दिलं नव्हतं. मला आबांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. पण मी नवरीची बहीण होते.

मी तुपाचं भांडं घेऊन नानांच्या पानापाशी वाकले आणि हळूच म्हटलं, "सांगू का मी त्यांना? एकदा कळू दे तरी, कोणाचं काय गेलं ते."

नानांनी बट्टी कुस्करली, मध्ये खळगा केला आणि मांडवाच्या त्या टोकाला बसलेल्या धाकटीकडे पाहिलं.

"लग्न लागलं ना, बाई?" ते म्हणाले. "मग तूप वाढा."